टोपीत खोचलेली सुई

तोंड उघडून दाखवायची लाज वाटते म्हणून माणसं मरतात. मीही त्याच वाटेवर होतो. तेव्हा ज्याच्या जिभेला फोड आलाय आणि जो तो लपवून ठेवतोय, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. वाचायचा कंटाळा असेल तर इथंच थांब आणि डॉक्टरकडे जा. बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल.

मी लखमा तांडेल, मुरुडच्या कोळीवाड्यातला. तांडेल म्हणजे होडीचा मुखत्यार. वारा ओळखायचा, खलाशांना कामाला जुंपायचं आणि ओरडायचं. ओरडल्याशिवाय होडी चालत नाही. शीड उतरवायला जरा उशीर झाला तर डोलकाठी मोडते, आणि वाऱ्यात खलाशाला माझं बोलणं ऐकू गेलं नाही तर दोष माझाच. समुद्रातल्या पद्मदुर्गापाशी मी हाक मारली की किनाऱ्यावर बायका मासळीच्या पाट्या उचलून निघतात, असं वाड्यात गमतीनं म्हणत. मला ते ऐकायला फार आवडायचं.

ही गोष्ट तेहतीस-चौतीस सालची असावी. दिवाळीच्या सुमाराला जिभेच्या डाव्या कडेला फोड आला. तंबाखूचा बार मी त्याच गालात धरायचो, आणि तिथली एक दाढ तुटून धारदार झाली होती. वाटलं, दाढेनं कातरलंय, जाईल. तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, कात लावला, मध लावला. फोड जागचा हलला नाही. उलट त्याची कड टणक होत गेली, आणि मी तोंड मिटून बसायला शिकलो.

माझ्या बायकोला, चांगुणाला, शंका आली ती कालवणावरून. सुक्या बोंबलाचं तिखटजाळ कालवण ओरपणारा मी, एक दिवस नुसता भात पाण्यात कालवून गिळायला लागलो.

"आवो, तोंड उघडा बघू," ती म्हणाली.

"कशाला? मी काय बाजारातला घोडा हाय?"

"घोडा असता तर दात तरी दाखवला असता. उघडा म्हन्ते न्हवं!"

मी उघडलं. तिनं चिमणी जवळ धरून बघितलं आणि माझी तंबाखूची डबी चुलीत टाकली. डबी पितळेची होती, सासऱ्यानं दिलेली. मी आरडाओरडा केला, पण तिचा चेहरा बघून आवाज खाली आला.

* * *

मुरुडच्या बाजारात मुकादम डॉक्टरांचा दवाखाना होता. माणूस बोलका, नाडी बघता बघता सगळ्या गावाची खबर काढणारा. त्या दिवशी त्यांनी माझी जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली, बोटानं फोड दाबला, जबड्याखाली चाचपलं, आणि एकदम गप्प झाले.

"तांडेल," ते म्हणाले, "याचा बारीक तुकडा काढून मुंबईला प्रयोगशाळेत पाठवतो. तिथं भिंगाखाली बघतात."

"तुमी बघितला न्हवं? मंग सांगा ना काय ते."

"नुसतं वरून बघून सांगणं म्हणजे पाण्याच्या रंगावरून तळ सांगणं. माझ्या उस्तादांच्या वेळेला ही सोय नव्हती. फोड वाढून गळ्यापर्यंत आला की मग कळायचं, आणि तेव्हा कळून फायदा नसायचा. आता आधी कळतं. अल्लाची मेहेरबानी समज."

वाड्यात ही बातमी फिरली तेव्हा जो तो शहाणा झाला. फोडाला लोखंड लावलं की तो चवताळतो, असं आमच्याकडे पक्कं मानतात. सासूबाई तर दाराशी बसून रडल्या. पण चांगुणानं एकच विचारलं, "लोखंड न लावता कुनाचा बरा झालाय, ता सांगा."

तुकडा काढला. नखाएवढा. तो औषधाच्या बाटलीत घालून डॉक्टरांनी बूच लावलं, वर मेण ओतलं. आगबोटीच्या कारकुनाकडे पार्सल द्यायला गेलो, तर त्यानं आत काय म्हणून विचारलं आणि मीही खुळ्यासारखं खरं सांगितलं. माणसाचं मांस आगबोटीवर नको, म्हणून त्यानं बाटली परत केली. त्याला मी चार शिव्या घातल्या आणि ती बाटली माझ्याच होडीवर चढवली. आम्ही तसेही सुकी मासळी घेऊन मुंबईला निघालो होतो. एका बाजूला सुक्या बोंबलांच्या पाट्या, दुसऱ्या बाजूला जवळा, आणि मध्ये तांडेलाची जीभ.

"दादूस, हिचा भाव काय लावायचा?" माझा धाकटा भाऊ धर्मा म्हणाला.

खलाशी हसले. मीही हसलो. मग शिडाआड जाऊन बसलो.

* * *

उत्तर यायला आठवडा लागला. त्या दिवशी आम्ही किनाऱ्यावर शीड पसरून ठिगळं लावत होतो. लांबून मुकादम डॉक्टर येताना दिसले. पायात बूट, आणि बूट वाळूत रुतत होते. डॉक्टर माणूस बोलावणं न धाडता स्वतः वाळू तुडवत येतो म्हणजे काय, ते मला कळलं. मी शिवतच राहिलो.

ते शेजारी बसले. "कॅन्सर आहे, लखमा," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला नावानं हाक मारलेली नव्हती. "पण लहान आहे, आणि गळ्यात गाठ नाही. आपण वेळेत पकडलंय. आता घरात बसू नकोस."

मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू? वादळात वाटते ती भीती वेगळी, तिच्यात हातांना काम असतं. इथं काम नव्हतं. मी नुसता समुद्राकडे बघत बसलो आणि धर्मा माझ्या हातातली सुई काढून घेऊन उरलेला टाका घालत राहिला.

मुंबईला ज्या पहिल्या डॉक्टरांनी बघितलं ते म्हणाले, अर्धी जीभ कापायची. बोलता येईल का, म्हणून विचारलं. त्यांनी खांदे उडवले. "घरच्यांना कळेल इतपत."

घरच्यांना कळून काय करू? चांगुणाला तर मी न बोलताही कळतं. खलाशांना कळायला हवं, तेही वाऱ्यात.

मग मुकादम डॉक्टरांच्या ओळखीनं दुसऱ्या एका इस्पितळात गेलो. तिथले मोठे डॉक्टर वयस्क होते, हळू बोलायचे. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक सुरीची. दुसरी रेडियमची: बारीक पोकळ सुयांत ते भरायचं, सुया जिभेत टोचून काही दिवस तशाच ठेवायच्या, त्यातून निघणारी किरणं गाठ जाळतात. "सुरी माझ्या ओळखीची आहे," ते म्हणाले. "हे नवं आहे. काहींना गुण येतो, काहींना नाही. गुण आला तर जीभ शाबूत राहते. नाही आला तर कापावीच लागेल, आणि तोवर गाठ पुढे गेलेली असू शकते."

मी चांगुणाकडे बघितलं. ती म्हणाली, "जीव ऱ्हावं दे, एवढाच माजा मागना. पन तुमी मुक्यानं जगनार न्हाय, ता बी मना ठावं हाय."

मी सुया म्हणालो.

* * *

सुया घेऊन आले ते प्रयोगशाळेतले साठे. चष्मेवाला, किडकिडीत माणूस. मी कोळी, माणसाचे हात आधी बघतो. त्यांच्या बोटांची टोकं गुळगुळीत आणि चिरलेली, नखं वेडीवाकडी.

"दोराचं काम करता काय?" मी विचारलं.

ते हसले. "याचंच काम करतो. रेडियम हाताला गरम लागत नाही, दुखतही नाही. काही दिवसांनी कातडी भाजल्यासारखी होते. ज्यांनी पहिल्यांदा शोधलं त्यांचीही अशीच भाजली. मग डोक्यात आलं की चांगली कातडी जळते, तर वाईट गाठ का जळू नये? गाठ लवकर मरते, चांगलं मांस जरा सावकाश. आमचं सगळं काम त्या मधल्या फटीत. सुया किती, किती अंतरावर, किती वेळ, ते अजून शिकतोच आहोत. तुमच्यावरूनही शिकू."

मला राग आला. तांडेलावर शिकणार! मग आठवलं, मीही सुकाणू बापाच्याच होडीवर शिकलो होतो आणि दोनदा ती खडकाला लावली होती.

गुंगीतून जागा झालो तेव्हा तोंडात जीभ नव्हतीच, नुसता एक भाकरीएवढा गोळा होता. सुया आत, आणि प्रत्येक सुईचा रेशमी दोरा ओठांतून बाहेर येऊन गालावर पट्टीनं चिकटवलेला. दूध नळीनं. बोलणं बंद, एक पाटी आणि पेन्सिल दिली. शाळेत चार बुकं शिकलो ती अशी कामाला आली. भेटायला येणाऱ्यानं लांब बसायचं, तेही थोडाच वेळ. माझ्यातून काहीतरी निघत होतं जे इतरांना बाधतं. माणसानं माणसाजवळ बसू नये, ही शिक्षा मला सुयांहून जास्त टोचली.

सिस्टर वसईच्या होत्या. कडक, पण हात हलका. रोज सकाळ-संध्याकाळ त्या दोरे बघत. आणि गंगूबाई म्हणून आया होती, ती माझं थुंकीचं भांडं न्यायची. सगळे नाक मुरडत, ती नाही. "सुक्या मासळीत वाढलेला माणूस तू, तुला काय वासाचं!" म्हणायची.

एक वस्तू मी हट्टानं जवळ ठेवली होती. माझी लाल लोकरीची टोपी. तिच्याशिवाय मला झोप येत नाही. सिस्टरनी आधी नाक मुरडलं, मग उशीशेजारी ठेवू दिली.

* * *

त्या दुपारी दुखणं फार होतं म्हणून झोपेचं औषध दिलं. मी अर्धवट झोपेत होतो. पुढे चांगुणा आली, लांबच्या स्टुलावर बसली, एवढं आठवतं. ती उद्या सकाळच्या आगबोटीनं घरी जाणार होती. तिनं देवीला नवस बोलला होता की माझी टोपी तिच्या पायांवर ठेवून परत आणीन. मी मान हलवली. तिनं टोपी उचलून ओटीत बांधली आणि ती रात्रीपुरती मुंबईतल्या तिच्या भावाकडे गेली.

संध्याकाळी सिस्टर दोरे बघायला आल्या आणि त्यांचा हात थांबला. एक दोरा नव्हता. एक सुई नव्हती.

मग जी धावपळ झाली ती मी जन्मात विसरणार नाही. वॉर्डचं दार लावलं. कुणाला बाहेर जाऊ देईनात. चादरी झटकल्या, गादी उसवली. मोठे डॉक्टर स्वतः गुडघ्यावर बसून पलंगाखाली बघत होते. साठे एक पेटी घेऊन आले. आत काचेमागे सोन्याच्या वर्खाची दोन पानं, फाकलेली. रेडियम जवळ आलं की ती पानं मिटतात. ती पेटी त्यांनी बादल्यांवर, मोरीवर, कचऱ्यावर धरली. पानं फाकलेलीच. माझ्या पलंगाजवळ आणली तर लगेच मिटली, पण ती मिटणारच, बाकीच्या सुया माझ्या तोंडात होत्या. जिथं सगळ्यात जास्त शोधायला हवं होतं तिथंच पेटी आंधळी.

शेवटी सगळे गंगूबाईकडे वळले. भांडं तिनंच नेलं होतं, मोरीत तिनंच ओतलं होतं. "मी बघून ओतते हो, देवाशपथ," ती रडत म्हणत होती. एक जण म्हणाला, रेडियमला सोन्याहून जास्त किंमत असते, हिला ते कुणी सांगितलं असेल. मला ओरडायचं होतं. तोंडातून नुसती लाळ गळली.

मोठे डॉक्टर माझ्याजवळ आले. "लखमा, गेलेली सुई नेमकी गाठीच्या कडेची आहे. बाकीच्या तेरवा काढायच्या. परवा संध्याकाळपर्यंत, फार तर रात्रीपर्यंत ती मिळाली तर परत घालून वेळ भरून काढता येईल. दुसरी सुई या घडीला माझ्याकडे नाही. नाही मिळाली तर ती कड सुटेल." पुढे सुरी होती.

* * *

सकाळी सिस्टर शेजारच्या पलंगाची उशी शिवत होत्या. शेवटचा टाका घातला, दोरा तोडला, उरलेला दोरा सुईला गुंडाळला आणि सुई एप्रनच्या घडीत खोचली.

मी उठून बसलो.

आमच्या होडीवर सगळे अनवाणी. शीड शिवायची सुई फळीवर पडली तर कुणाच्या तरी पायात जाणार. म्हणून बापानं कान पिळून शिकवलेलं: काम झालं की गाठ सोडव, दोरा सुईला गुंडाळ, सुई टोपीच्या दुमडीत खोच. हे मी लहानपणापासून इतक्या वेळा केलंय की त्याला डोकं लागत नाही, बोटं आपली आपण करतात. कालच्या गुंगीत बोटांना दोरा लागला, दोऱ्याला गाठ लागली. बोटांनी आपलं काम केलं.

मी पाटीवर लिहिलं: टोपीत. सिस्टरना वाटलं मला टोपी हवी आहे. "बायकोनं नेली ना कालच," त्या म्हणाल्या. मी पाटी पलंगावर आपटली, खाली लिहिलं: सुई टोपीत. बायकोच्या ओटीत. गंगूबाई निर्दोष.

सिस्टर धावतच गेल्या. आगबोट केव्हाच सुटली होती.

मुकादम डॉक्टरांना तार गेली: सुई तांडेलाच्या टोपीत, हात लावू नये, चिमट्यानं धरावी, शिशात ठेवून ताबडतोब पाठवावी.

* * *

पुढचं मला चांगुणानं आणि धर्मानं सांगितलं.

मुरुडला आगबोट लांब उभी राहते, माणसं मचव्यात उतरून किनाऱ्याला येतात. त्या दिवशी मुकादम डॉक्टर पहिल्याच मचव्यातून आगबोटीला येऊन भिडले, हातात तार. चांगुणा शिडीवरून उतरत होती. तिनं डॉक्टर बघितले, तार बघितली, आणि मचव्यात बसकण मारून हंबरडा फोडला. तार कशाला येते ते आमच्या वाड्यात पोरांनाही ठाऊक.

"चांगुणा, ओटीतली टोपी काढून खाली ठेव," डॉक्टर म्हणाले.

मेलेल्या नवऱ्याची टोपी कोण देईल? तिनं ती दोन्ही हातांनी पोटाशी आवळून धरली. "न्हाय देनार! ही तरी ऱ्हावं द्या माज्याकडं!"

"अगं बाई, जिवंत आहे तुझा नवरा! टोपीत त्याचं औषध आहे. तुझ्या पोटाशी ते निखारा आहे निखारा, टाक आधी!"

तिनं ऐकलं, पण टाकली नाही. औषध म्हटल्यावर तिनं टोपी अलगद फळीवर ठेवली, लांब जाऊन बसली, आणि मग पुन्हा रडली.

डॉक्टरांनी लांब चिमट्यानं दुमड उलगडली. सुई होती. दोरा तिला व्यवस्थित गुंडाळलेला होता. बापानं बघितलं असतं तर शाबासकी दिली असती.

आता किरणं अडवायला शिसं कुठलं आणायचं? दवाखान्यात नव्हतं, बाजारात नव्हतं. धर्मा म्हणाला, "शिसा? शिशात तर आमी बसलोय!" उथळ पाण्यात फेकायच्या जाळ्याला, पागाला, कडेनं शिशाचे मणी ओवलेले असतात. त्यानं आमचा पाग काढला आणि सगळे मणी कापले. शेजारच्यांनी न मागता आपापल्या पागांचे आणून ओतले. एक पितळी तपेलं भरलं, मधोमध सुई, वर पुन्हा मणी. परतीच्या आगबोटीवर तोच कारकून होता. त्यानं तपेलं बघून पुन्हा नाहीच म्हटलं.

म्हणून धर्मानं होडी लोटली. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर, जमिनीकडून समुद्रात जाणाऱ्या. तपेलं पुढच्या टोकाला, खलाशी सगळे मागे.

* * *

इकडे मी पलंगावर. मुकादम डॉक्टरांची तार रात्रीच आली होती: सुई मिळाली, धर्मा पहाटे होडीनं निघतो. खिडकीतून एका माडाचा शेंडा दिसायचा. सकाळपासून मी त्याच्यावर डोळे लावून होतो. झावळ्या पश्चिमेकडे हलत होत्या तोवर ठीक. दुपार झाली आणि वारा फिरला. आता उत्तरेचा, त्यांच्या नाकावर. वैशाख सरत आलेला, समुद्र फुगायला लागलेला. होडी आडवीतिडवी काढत वर यावं लागणार. रेवदंड्याच्या पुढे किनाऱ्याला फार चिकटू नको, धर्म्या. शीड बदलताना घाई करू नको. ती दुसरी दोरी आधी ढिली कर.

आयुष्यात पहिल्यांदा माझी होडी समुद्रात होती आणि मला तिच्यावर ओरडता येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं. सिस्टरना वाटलं दुखतंय. मी मान हलवली. सांगणार कसं?

संध्याकाळ झाली. मोठे डॉक्टर दोनदा येऊन गेले. घड्याळाकडे बघत, माझ्याकडे न बघता. साठे खिडकीशी उभे होते, ती भाजलेली बोटं एकमेकांवर घासत. दिवे लागले.

आणि जिन्यावर आरडाओरडा ऐकू आला. दरवान कुणाला तरी अडवत होता. "मासळी आत न्यायची नाही!" आणि त्याच्यावर धर्माचा आवाज: "अरे, मासली न्हाय रं, माज्या भावाची जीब हाय ती!"

मोठे डॉक्टर, म्हातारा माणूस, जिना धावत उतरले.

साठे त्यांच्यामागे धावले आणि त्यांनी जिन्याखालीच, लांबून, तपेल्यासमोर पेटी धरली. चिमट्यानं मणी थोडे बाजूला केले. सोन्याची पानं मिटली. त्यांनी डोळे पुसले आणि मग मण्यांकडे बघून हसत सुटले. धर्मा भिंतीला टेकून उभा, अंगावर मीठ वाळलेलं. "सायेब, काम झाला की आमचा शिसा परत द्या," तो म्हणाला. "आक्ख्या वाड्याचे पाग उपाशी हाईत."

सुई त्याच संध्याकाळी परत जिभेत गेली. या वेळेला सिस्टरनी माझे दोन्ही हात फडक्यात गुंडाळून बांधून टाकले. गंगूबाई भांडं न्यायला आली तेव्हा मी बांधलेले हात जोडले. "असू दे रे," ती म्हणाली, आणि भांडं घेऊन गेली.

* * *

बरं होणं सोपं नव्हतं. सुया काढल्यावर जिभेवर पांढरी साय धरली, तोंडाला असा वास यायचा की मला माझीच किळस यायची. महिनाभर पेज. घरी मी सगळ्यांवर पाटी फेकायचो; दोन पाट्या फुटल्या. चांगुणा तिसरी घेऊन आली. तिच्या कमरेशी, टोपी होती तिथं, तोवर लालसर चट्टा उठला होता, बोटाच्या पेरापेक्षा लहान. पुढे तो काळपट पडला. दुखत नाही म्हणते. देवीच्या पायांवर ती टोपी तिनं उशिरा का होईना ठेवलीच.

श्रावणात नारळी पुनवेला मी पहिला शब्द स्वच्छ बोललो. शिवी होती, धर्माला दिलेली. त्यानं पाया पडून घेतली.

मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं: बरा झालास तरी दर सहा महिन्यांनी येऊन तोंड दाखव. "रोगी बरा झाला की येत नाही, आणि मेला तरी येत नाही. आम्हाला कळायचं कसं, कोणती सुई कुठं चुकली?" म्हणून मी जातो. चांगुणाही येते, ते माझी जीभ बघतात आणि तिचा डागही बघतात. साठे दोन्ही मापतात.

मागच्या खेपेला जीभ दाखवून झाल्यावर मी वॉर्डात डोकावलो. माझ्याच पलंगावर एक विणकर होता. तोंडात सुया, गालावर दोरे, आणि दोन्ही हात फडक्यात बांधलेले. हल्ली तिथं सगळ्यांनाच आधी विचारतात, हाताचा धंदा काय. गड्यानं रागानं एक हात हिसका देऊन सोडवला होता आणि सिस्टरना जवळ येऊ देत नव्हता. त्याची बायको लांबच्या स्टुलावरून तणतणत होती.

"गुरासारखे हात काय बांधायचे! कोण मेला तो तांडेल, ज्याच्यापायी ही तऱ्हा काढली?"

"तो मेला मीच!" मी ओरडलो.

सवयीनं ओरडलो, पद्मदुर्गावरून किनाऱ्याला ओरडावं तसा. खिडकीची काच थरथरली. सिस्टर ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे धावल्या. गंगूबाईच्या हातातलं भांडं निसटता निसटता राहिलं.

विणकर माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी समजलो, जवळ गेलो आणि तोंड उघडून जीभ बाहेर काढून दाखवली. डावी कड जरा आखूड आहे, पण आहे. त्यानं ती बराच वेळ बघितली.

मग त्यानं सोडवलेला हात आपणहून सिस्टरपुढे केला.